गावातून जाणारा रस्ता आणि ३१२ सह्या

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातील एका गावातून एका भगिनीने लिहिले आहे. गावाच्या मधून दुपदरी राज्य मार्ग जातो. एका अंगाला गावठाण आहे, तर दुसऱ्या अंगाला माध्यमिक शाळा, दूध संकलन केंद्र आणि तीन वस्त्या आहेत. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करून काँक्रीटचा केला आणि तेव्हापासून गाड्यांचा वेग अंगावर येऊ लागला. गेल्या वर्षी हंगामात, अंधार पडल्यावर, केंद्रासमोर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीआडून दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडणारे एक आजोबा अपघातात गेले. यंदा जूनमध्ये एसटीतून उतरून बसच्या पुढून पलीकडे निघालेल्या आठवीतील मुलीचा पाय मोडला. भगिनींनी घरोघर फिरून ३१२ सह्या गोळा केल्या आणि ‘गावाच्या हद्दीत ताशी ३० किलोमीटर वेगमर्यादा करावी’ असा अर्ज ग्रामपंचायतीला दिला. ‘रस्ता आपला नाही’ असे सांगून सरपंचांनी तो ठेवून घेतला. मग तरुणांनी रातोरात मुरूम आणि सिमेंटचा उंचवटा घातला. त्यावरून दुचाकीवरील एक जोडपे पडले आणि तो उखडावा लागला. आता गावात रास्ता रोकोची भाषा सुरू आहे. त्यातच मालवाहू टेम्पो चालवणाऱ्या सख्ख्या दिराने ‘गाडीचा हप्ता तू भरणार का?’ असे विचारून सही नाकारली. ‘अर्ज रेटत राहू की रास्ता रोकोत उतरू? आणि घरातलीच सही नसताना गावासमोर कोणत्या तोंडाने बोलू?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात किटलीपाशी थांबले, कारण रस्त्यावर सांडलेले दूध आणि बाजूला पडलेली चेपलेली किटली मी माझ्या आजोळी लहानपणी पाहिली आहे आणि ते चित्र अजून पुसले गेलेले नाही. दुसऱ्या वाचनात मात्र मी तुमच्या अर्जाचा विचार करत होते. ३१२ सह्यांसाठी घरोघरचे उंबरे झिजवणे ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच त्या सह्या पंचायतीच्या कपाटात पडून राहू नयेत यासाठी काही गोष्टी स्पष्टपणे लिहिते. त्यांतल्या एक-दोन तुम्हाला टोचतील, पण त्या टाळून उत्तर देणे मला बरे वाटत नाही.

पहिली गोष्ट सरपंचांविषयी. ‘रस्ता आपला नाही’ हे त्यांचे वाक्य तुम्हाला टोलवाटोलवी वाटले, पण माहिती म्हणून ते खरे आहे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे राज्य शासनाला किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघावी लागते आणि कलम ११६ प्रमाणे योग्य जागी फलक उभे राहावे लागतात. ग्रामपंचायतीने उद्या एकमताने ‘३०’ असा ठराव केला आणि वडाच्या झाडाला रंगवलेली पाटी ठोकली, तरी तिच्या आधारे पोलिसांना कोणावर कारवाई करता येणार नाही. सरपंचांचे चुकले ते पुढे. रस्ता आपला नसला तरी तो ओलांडणारी माणसे आपली आहेत, आणि त्यांच्या वतीने योग्य दाराशी जाणे हे पंचायतीचेच काम होते. म्हणून भांडण सरपंचांशी मांडू नका. त्यांना सोबत घ्या, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्यांच्या सहीशिक्क्याची गरज पडेल.

दुसरी गोष्ट सह्यांविषयी. सह्यांचा आकडा वाढला की कार्यालये हलतील असे आपण धरून चालतो. सह्यांमुळे एवढेच कळते की लोकांना त्रास आहे. रस्त्यावर नेमके काय घडते आहे हे त्यांतून कळत नाही, आणि अभियंत्याला निर्णय घ्यायला तेच लागते. शिवाय सह्या दोन्ही बाजूंनी होतात. ब्रिटनमधील वेल्स या देशात सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतील बहुतेक रस्त्यांची मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर आणली गेली. त्यानंतर तो निर्णय मागे घ्या असे सांगणाऱ्या मागणीपत्रावर साडेचार लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि कोणत्या रस्त्यांना अपवाद करायचा याचा तिथे फेरविचार करावा लागला. हेतू चांगला असूनही रोज त्याच रस्त्याने ये-जा करणारा माणूस सोबत नसेल, तर काय होते ते तिथे दिसले. तुमच्या गावात तो माणूस म्हणजे तुमचे दीर. त्यांच्याकडे मी पुन्हा येईन.

आता जरा अवघड प्रश्न विचारते. सुसाट जाणाऱ्या गाड्या कोणाच्या आहेत? पत्रात तुम्ही ‘बाहेरचे लोक’ असा शब्द तीन वेळा वापरला आहे. काही गाड्या बाहेरच्या असतीलच. पण सकाळी शाळेच्या वेळेला फाट्याकडे धावणारी वडाप जीप, संध्याकाळी सायलेन्सर बदललेली बुलेट, आणि दोन ट्रॉल्या जोडून मोठमोठ्याने गाणी लावत जाणारा ट्रॅक्टर यांचे चालक बहुधा तुमच्याच पंचक्रोशीतले निघतील. ही शंका मी उगाच काढत नाही. अर्ज ‘त्यांच्या’विरुद्ध असला की गाव सही करून मोकळे होते, ‘आपण’ही त्यात आलो की मागणीला वजन येते आणि ती टिकते.

हे तपासायचा एक सोपा मार्ग आहे. रस्त्याकडेला, साइडपट्टीच्याही बाहेर, टेपने मोजून बरोबर १०० मीटर अंतरावर दोन खुणा करा. पहिल्या खुणेशी एक माणूस रुमाल धरून उभा राहील आणि गाडीचे पुढचे चाक खुणेवर येताच तो रुमाल खाली करेल. दुसऱ्या खुणेशी बसलेला माणूस तेव्हा मोबाइलवरचे घड्याळ सुरू करेल आणि चाक त्याच्यासमोर आले की बंद करेल. हे अंतर ९ सेकंदांत कापले तर वेग ताशी ४० किलोमीटर, ६ सेकंदांत कापले तर ६०, आणि साडेचार सेकंदांत कापले तर ८०. वहीत वेळ, वाहनाचा प्रकार आणि सेकंद एवढेच लिहा. क्रमांक लिहू नका, कारण कोणाला पकडायला आपण बसलेलो नाही. शाळा सुटताना एक तास, दुधाच्या वेळेला एक तास आणि आठवडी बाजाराच्या दिवशी एक तास, अशा किमान शंभर नोंदी करा. मग त्या सावकाश वाहनापासून वेगवान वाहनापर्यंत क्रमाने लावा आणि पंच्याऐंशीव्या वाहनाचा वेग पाहा. शंभरातली पंच्याऐंशी वाहने ज्या वेगाच्या आत चालतात तो वेग अभियंते विचारात घेतात, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्याच भाषेत बोलू लागेल. शाळेतील गणिताचे शिक्षक तयार असतील तर त्यांना बोलवा. मुलांना मात्र रस्त्याकडेला बसवू नका, त्यांना वर्गात बसून बेरजा-वजाबाक्या करू द्या. ही मोजणी म्हणजे शासकीय सर्वेक्षण नव्हे, पण ते करून घेण्यासाठी लागणारे कारण तिच्यातून नक्की मिळते.

आता आकड्याविषयी. तुम्ही ३० मागितले आहेत. आज तिथे कायद्याने काय आहे ते आधी पाहू. केंद्र शासनाच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा दुपदरी रस्त्यावर, वेगळी मर्यादा लावलेली नसेल तर, मोटारीला ताशी ७०, बस, मालवाहू वाहने आणि दुचाकींना ६०, आणि तीनचाकींना ५० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. ही कमाल आहे. राज्याला एखाद्या ठिकाणापुरती ती खाली आणता येते. पायी चालणारी माणसे आणि वाहने जिथे मिसळतात तिथे ३० असावेत, असे फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटले आहे, त्यामुळे तुमचा आकडा अवास्तव नाही. तरीही माझा सल्ला असा की संपूर्ण हद्दीत ३० मागण्याऐवजी गावात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ४०, आणि शाळा, थांबा व दूध केंद्र यांच्या टप्प्यापुरते ३० मागावेत. हद्द शेतांमधून दोन-दोन किलोमीटर पसरलेली असते. जिथे घर नाही, माणूस नाही, तिथे ३० ची पाटी दिसली की चालकाचा तिच्यावरचा विश्वास उडतो आणि शाळेसमोरची पाटीही तो मग मनावर घेत नाही.

४० आणि ६० यांत असा काय फरक, असे कोणी विचारील. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. कोरड्या रस्त्यावर, चांगले ब्रेक असलेली मोटार ४० च्या वेगात असेल तर साधारण वीस मीटरमध्ये थांबते. तीच मोटार ६० च्या वेगात असेल, तर त्यातले जवळजवळ सतरा मीटर ब्रेक लागण्यापूर्वीच संपतात, आणि ज्या जागी पहिली गाडी उभी राहिली असती तिथे ही अजून पन्नासहून अधिक वेगाने धावत असते. ट्रॉलीआडून किटली घेतलेला माणूस पुढे येतो तेव्हा मधले अंतर वीस मीटरच असते. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडा, आणि वीस मीटरची दोरी धरून दोन माणसांना देवळासमोर उभे करा. ते अंतर किती थोडे आहे ते सगळ्यांना दिसेल.

त्या दोन्ही अपघातांकडे मात्र केवळ वेगाचे अपघात म्हणून पाहू नका. आजोबांच्या वेळी तिथे दिवा नव्हता आणि ट्रॉली साइडपट्टीवर अशी उभी होती की त्यांना गाडी दिसली नाही आणि गाडीला ते दिसले नाहीत. मुलगी बसच्या पुढून निघाली, कारण थांबा ओलांडण्याच्या जागेच्या अलीकडे आहे. थांबा पन्नास पावले पुढे सरकवला, तर उतरलेली माणसे बसच्या मागून जातील आणि दोन्ही दिशांची वाहने त्यांना मोकळेपणी दिसतील. या गोष्टींविषयीच्या मागण्या तुमच्या अर्जात नाहीत. दूध केंद्रासमोर दिवा, तिथे वाहने उभी करण्यास मनाई, ट्रॉल्यांच्या मागे चकाकणाऱ्या पट्ट्या आणि थांब्याची जागा बदलणे, ही कामे थोड्या खर्चाची आहेत. दिवा बसवणे तर पंचायतीच्याच हातात आहे. दूध केंद्र आणि कारखान्याचा शेती विभाग यांना पत्र देण्यासाठी तर कोणाच्या अधिसूचनेचीही गरज नाही.

पाटी लागली की वेग आपोआप उतरतो, या समजुतीतही अडकू नका. चालक पाटीपेक्षा रस्त्याचे अधिक ऐकतो. रुंद, गुळगुळीत, सरळ रस्ता त्याला ‘जा’ म्हणत असतो. म्हणून मर्यादेसोबत गावाच्या दोन्ही टोकांना आडवे पांढरे पट्टे, चाकाखाली खडखड करणारे रंबलर, शाळेची त्रिकोणी धोका-पाटी, रंगवलेला ओलांडण्याचा पट्टा आणि जागा असल्यास मधोमध थांबण्यासाठी छोटा दुभाजक, अशी मागणी करा. गतिरोधकाबद्दल तुमच्या गावातील मुलांनी पोटतिडिकीने जे केले ते मी समजू शकते, पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, त्याच्या आधी सूचना-फलक असतो आणि त्यावर चकाकणारा रंग असतो. रात्री घातलेला वीतभर रुंदीचा उंचवटा दुचाकीला पाडतो आणि रुग्णवाहिकेतील बाळंतिणीला आदळवतो. अशा मुख्य रस्त्यावर गतिरोधक सहजी मंजूर होत नाहीत. पण गावातला आडरस्ता मुख्य रस्त्याला मिळतो तिथे ते हवेतच, आणि ती मागणी मान्य होण्यासारखी आहे. बुलेटवाली मुले तिथूनच मुसंडी मारतात, नाही का?

कोणाच्या दाराशी जायचे? आधी ग्रामसभेचा ठराव घ्या. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तुमच्याकडे ३१२ सह्या आहेत, म्हणजे ही अडचण येऊ नये. ठराव, मोजणीची वही, ओलांडण्याच्या जागांचा हाताने काढलेला नकाशा आणि दोन्ही अपघातांची माहिती जोडून एक अर्ज बांधकाम विभागाच्या उपविभागीय अभियंत्यांना द्या, आणि त्याच्या प्रती कार्यकारी अभियंता, पोलीस ठाणे, प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि जिल्हाधिकारी यांना द्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, परिवहन आणि बांधकाम ही तिन्ही खाती तिथे एका टेबलाशी बसतात, म्हणून ‘हा विषय समितीपुढे ठेवावा’ हे वाक्य अर्जात स्वतंत्र ओळीत लिहा. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कोणत्याही टेबलावरून उठू नका. महिनाभरात हालचाल झाली नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा; त्याचे उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.

तिथे कदाचित तुम्हाला सांगितले जाईल की तुमची जागा अपघातप्रवण स्थळाच्या व्याख्येत बसत नाही. राष्ट्रीय महामार्गांसाठी ती व्याख्या अशी आहे: सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. ते ऐकून संताप येईल. पण तुम्ही अपघातप्रवण स्थळाचा दर्जा मागतच नाही आहात. तुम्ही कलम ११२ मधील ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या आधारावर मर्यादा मागत आहात आणि त्या कलमात मृत्यूंचा आकडा घातलेला नाही. एवढे शांतपणे सांगा. त्याचबरोबर आजपासून पंचायतीत एक नोंदवही ठेवा: पोलिसांपर्यंत न गेलेले खरचटणे, थोडक्यात वाचलेले प्रसंग, मेलेली वासरे, सगळे तारखेनिशी.

रास्ता रोकोबद्दल मी तुम्हाला मनाई करणार नाही. निराश झालेल्या गावाचा तो जुना मार्ग आहे आणि कधी कधी त्याने कामेही झाली आहेत. पण त्यात गुन्हे दाखल होतात, आणि ते होतात पुढे उभ्या राहिलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांवर. पोलीस भरतीची तयारी करणारी किती मुले तुमच्या गावात आहेत ते मोजा आणि चारित्र्य पडताळणीच्या वेळी त्यांचे काय होईल याचा विचार करा. लेखी मार्ग अजून तुम्ही चाललेलाच नाही. चुकीच्या दाराशी दिलेला अर्ज हा त्या मार्गाचा शेवट धरता येणार नाही. या घडीला माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे.

आणि आता दीर. ‘गाडीचा हप्ता तू भरणार का?’ या बोलण्याने तुम्ही दुखावलात हे पत्रातून कळते. तरी त्यातली भीती खोटी नाही. टेम्पोवाल्याला खेपांवर पैसे मिळतात आणि वेग कमी म्हणजे खेप कमी असे त्याला वाटते. त्यांच्यासमोर हिशेब ठेवा. तुमची वस्ती साधारण सव्वा किलोमीटर लांब असल्याचे तुम्ही लिहिले आहे. मालवाहू गाडीला आजही ६० चीच मर्यादा आहे. ६० ऐवजी ४० ने हे अंतर कापले तर अडतीस सेकंद जादा लागतात. दिवसाला गावातून चार वेळा गेले तरी अडीच मिनिटे. उलट मर्यादा ओलांडल्याचा दंड कायद्यात हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि मध्यम व जड वाहनाला दोन ते चार हजार रुपये आहे. पण आकड्यांनी त्यांना हरवायला जाऊ नका. चार माणसांत तर मुळीच नको. घरात, जेवणे झाल्यावर, सासूबाई असताना विचारा: ‘भाऊजी, तुम्ही रोज या रस्त्याने जाता, तुम्हाला कुठे भीती वाटते?’ चालकाला ठाऊक असलेली जागा आपल्याला ठाऊक नसते. कोणत्या वळणावर समोरच्याचा दिवा डोळ्यांत येतो, कुठे माणूस शेवटच्या क्षणी दिसतो, हे ते सांगतील. ते ऐकून घ्या आणि नकाशावर त्यांच्या हाताने खूण करवून घ्या. त्यानंतर त्यांनी सही केली तर आनंदच आहे. नाही केली, तरी ‘आमच्या घरात एकमत नाही, पण ही खूण आमच्याच घरातल्या चालकाने दाखवली आहे’ असे तुम्ही ग्रामसभेत ताठ मानेने सांगू शकाल. सही न करणाऱ्या इतर चालकांनाही त्याने बोलायला जागा मिळेल.

शेवटी एक छोटी तरतूद सांगते, ती फारशी कोणी वापरत नाही. कलम ११२ मध्येच असे म्हटले आहे की निर्बंध एक महिन्याहून अधिक काळ चालणार नसेल तर राजपत्रातील अधिसूचनेची गरज नाही. तुमच्या गावची जत्रा चैत्रात भरते. त्या महिन्यापुरती ४० ची मर्यादा आणि तात्पुरते फलक लावून मिळावेत असा वेगळा, एका पानाचा अर्ज माघातच द्या. मर्यादा मिळाली, तर त्या महिन्यात पुन्हा त्याच दोन खुणांशी रुमाल आणि घड्याळ घेऊन बसा आणि शंभर नोंदी करा. कायमच्या मर्यादेच्या अर्जाला त्या दोन्ही वह्या शेजारी शेजारी जोडता येतील.